डॉक्युमेंटरीतली माणसं कितपत खरी असतात? एडिट टेबलवरून सविस्तर उत्तर

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. युद्ध, स्थलांतर, गरिबी, आजारपण यात अडकलेल्या माणसांवरच्या जगभरातल्या डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्म्स बघून माणूस हलून जातो, पण नंतर मनात येतं की यातलं कितपत खरं होतं, आणि समोरचा माणूस रडत असताना कॅमेरावाला शूट करत कसा काय राहतो. पुढे विचारलंय की अशा फिल्म्स बघायला सुरुवात कुठून करू. आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की ओळखीच्या एका माणसावर स्वतःच २० मिनिटांची फिल्म करायचा विचार चाललाय.

मी गेली १९ वर्षं डॉक्युमेंटरी एडिट करतोय, त्यातल्या बहुतेक अशाच, एखाद्या माणसाच्या किंवा कुटुंबाच्या आयुष्याला चिकटून राहिलेल्या. त्यामुळे उत्तर एडिट टेबलवरून देतो, समीक्षक देईल तसं ते होणार नाही.

पहिलं म्हणजे रडणं वगैरे बहुतेक वेळा खरंच असतं. कॅमेऱ्यासमोर खोटं रडणारा माणूस मला इतक्या वर्षांत फार तर दोनदा भेटला असेल. प्रश्न रडण्याचा नसतोच, प्रश्न असतो त्या रडण्याच्या आधीची आणि नंतरची दोन मिनिटं कुठे गेली याचा. समजा ३०० तासांचं फुटेज आलंय आणि त्यातून ९० मिनिटं काढायचीयेत, म्हणजे दर २०० मिनिटांतलं १ मिनिट ठेवायचं आणि १९९ फेकून द्यायची. त्या १९९ मध्ये तो माणूस जेवलाय, चिडलाय, विनोद केलाय, बायकोला काहीतरी लागेल असं बोललाय, कंटाळून बसलाय. आता मी ठेवलेल्या मिनिटांतून जो माणूस उभा राहतो तो त्याला स्वतःला ओळखू येईल का? खरं-खोटं तपासायला माझ्याकडे एवढी एकच कसोटी आहे, आणि पुढे जे काही लिहितोय ते सगळं याच्याभोवतीच आहे.

उदाहरण म्हणून 'हनीलँड' घेतो कारण यात एडिटिंग शिकण्यासारखं फार आहे. २०१९ ची फिल्म, उत्तर मॅसेडोनियातली. बेकिरलिया नावाच्या ओसाड पडलेल्या डोंगराळ गावात हातिजे मुरातोवा ही बाई आपल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहते, वीज नाही, रस्ता नाही, आणि जुन्या पद्धतीने मधमाश्या पाळते. तामारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव या दिग्दर्शकांनी तिथे ३ वर्षं ये-जा केली, तंबू ठोकून राहिले, ४०० तासांच्या वर शूट केलं. गंमत म्हणजे मूळ काम निसर्ग संवर्धनाच्या एका प्रकल्पासाठी लहानशी फिल्म करण्याचं होतं. दोघी मायलेकी बोलायच्या ती जुनी तुर्की बोली, आणि ती शूट करणाऱ्यांना कळत नव्हती! म्हणजे समोर भांडण चाललंय का प्रेमाने बोलणं चाललंय हे त्यांना फक्त चेहऱ्यावरून आणि हातवाऱ्यांवरून कळत होतं. एडिटिंग पण सुरुवातीला बराच काळ आवाज बंद ठेवून, नुसत्या चित्रावर झालं, भाषांतर नंतर आलं.

हे ऐकायला वेडेपणा वाटेल पण मी नंतर एका फिल्मवर हे मुद्दाम करून बघितलं, दोन आठवडे स्पीकर बंद, आणि लक्षात आलं की आपण किती आळशीपणे बोलण्यावर विसंबून कट करतो. माणूस काय म्हणतोय ते ऐकलं की आपण त्याचे हात बघायचंच सोडून देतो. हातिजे पोळ्यातून मध काढते तेव्हा माश्यांशी बोलते, अर्धं तुमचं अर्धं माझं असं म्हणते आणि खरोखर अर्धं ठेवून देते. या एका कृतीवर अख्खी फिल्म उभी आहे, कारण पुढे शेजारी एक मोठं कुटुंब येऊन राहतं, तो गडी पण माश्या पाळायला लागतो, आणि त्याचा व्यापारी त्याला सगळाच मध काढ म्हणून मागे लागतो. तो काढतो, मग त्याच्या उपाशी माश्या हातिजेच्या माश्यांवर तुटून पडतात. इथे एखादा कमी दर्जाचा एडिटर त्या शेजाऱ्याला खलनायक करून मोकळा झाला असता, सगळं फुटेज त्याच्याकडे होतं. पण या लोकांनी त्याची पोरं माश्या चावून कळवळताना ठेवली, त्याची मेलेली वासरं ठेवली, व्यापाऱ्याचा तगादा ठेवला. त्यामुळे त्याच्यावर राग येतो आणि त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हेही तितकंच टोचत राहतं. फिल्म ऑस्करला डॉक्युमेंटरी आणि आंतरराष्ट्रीय फीचर अशा दोन्ही विभागांत नॉमिनेट झाली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आणि फिल्म गाजल्यावर टीमने हातिजेला जवळच्या गावात घर घेऊन दिलं, हेही सांगायला पाहिजे, कारण फिल्म संपली की माणसाचं काय होतं हा प्रश्न पुढे येतोच आहे.

आता "पण मग काहीच मांडून दाखवत नाहीत का" असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की अगदी पहिल्यापासून मांडतायत. १९२२ ची 'नानूक ऑफ द नॉर्थ' ही लांबीची पहिली गाजलेली डॉक्युमेंटरी धरतात, रॉबर्ट फ्लाहर्टीची, कॅनडाच्या हडसन बे भागातल्या इनुइट लोकांवर. त्यातल्या नानूकचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक, फिल्ममधल्या बायका त्याच्या बायका नव्हत्या, शिकारीला तोवर बंदुका आलेल्या असताना त्याला भाल्याने शिकार करायला लावली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून अर्धंच घर बांधलं, एक बाजू उघडी, आणि त्या उघड्या थंडीत त्या कुटुंबाने झोपायचं आणि उठायचं नाटक केलं. हे सगळं वाचल्यावर मला फार राग आला होता, विद्यार्थी होतो तेव्हा. पुढे दुसरी बाजू कळली की फ्लाहर्टी प्रोजेक्टर आणि फिल्म धुवायचं सामान बरोबर घेऊन गेला होता, तिथेच फिल्म धुवून त्या लोकांना दाखवायचा, वॉलरस या समुद्री प्राण्याच्या शिकारीचं दृश्य पडद्यावर बघून ती माणसं ओरडायला लागली होती की धरा, सुटू देऊ नका. म्हणजे खोटेपणा होता आणि तरी ज्यांच्यावर फिल्म चाललीये त्यांना पहिला प्रेक्षक मानायची पद्धतही तिथेच होती, दोन्ही एकाच माणसात.

ही पद्धत १९६१ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ रूश आणि एडगर मोराँ यांनी 'क्रॉनिकल ऑफ अ समर' मध्ये फिल्मच्या आतच आणली. पॅरिसमधल्या साध्या लोकांना तुम्ही सुखी आहात का असं विचारत फिरले, शूट केलं, मग त्या सगळ्यांना एका खोलीत बसवून फुटेज दाखवलं आणि त्यांची प्रतिक्रियाही शूट करून फिल्ममध्ये ठेवली. कोणी म्हणतं हे खोटं वाटतंय, कोणी म्हणतं हिने फारच उघडं केलं स्वतःला. शेवटी दोघं दिग्दर्शक बोलत येरझाऱ्या घालतायत, की आपलं काय चुकलं. साठ वर्षांपूर्वीची फिल्म आहे पण मी दर दोन-तीन वर्षांनी बघतो.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात यंत्रात हात गेलेल्या माणसावरची फिल्म एडिट करत होतो. त्याची एक मुलाखत होती, त्यात तो अपघाताचं सांगता सांगता थांबतो, मान खाली घालतो आणि रडतो. निर्मात्यांचं म्हणणं की हा शॉट जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा, मीही ठेवला, ४० सेकंद, खाली हलकं म्युझिक पण टाकलं. त्या शॉटच्या जरा आधी काय होतं, तर तो चष्मा शोधत होता आणि चष्मा त्याच्या डोक्यावरच होता, ते लक्षात आल्यावर तो आणि साउंडवाला दोघं खळखळून हसले होते, आणि हसतानाच तो उरलेल्या हाताने चष्मा खाली घेतो, आणि मग बोलायला लागतो. ते हसणं मी कापलं होतं. मूड तुटतो म्हणून. फिल्म पूर्ण झाल्यावर त्याला दाखवली, बायको-मुलगी शेजारी बसलेली. संपल्यावर तो बराच वेळ बोलला नाही आणि मग एवढंच म्हणाला, "मी एवढा रडका नाहीये हो. त्या दिवशी हसलो पण होतो की मी." त्याला बरोबर आठवत होतं. फिल्म तोवर लॉक झाली होती, म्हणजे एडिट पक्कं होऊन बदल बंद झाले होते, काही करता येणार नाही असं मला सांगण्यात आलं, आणि मीही जोर लावला नाही. ते माझ्या अजून मनातून गेलेलं नाही. त्यानंतरच्या कुठल्याही कामात, रडण्याआधीचं आणि नंतरचं फुटेज पाच-पाच मिनिटं बघितल्याशिवाय मी कट मारत नाही, आणि रडण्याखाली म्युझिक तर टाकतच नाही.

तर कॅमेऱ्यापुढच्या माणसाला फिल्म बघून आक्षेप घेता येतो का, आणि घेतला तर तो ऐकला जातो का, हे बघत चला. ब्रिटनची 'अप' मालिका यासाठी मुद्दाम बघा. १९६४ मध्ये वेगवेगळ्या आर्थिक थरांतली ७ वर्षांची १४ मुलं घेतली, आणि दर ७ वर्षांनी मायकल ॲप्टेड परत जाऊन त्यांना भेटत राहिला, थेट २०१९ च्या '६३ अप' पर्यंत. घोड्याचा जॉकी व्हायचं म्हणणारा टोनी टॅक्सी ड्रायव्हर होतो. सातव्या वर्षी खिदळणारा नील २८ व्या वर्षी बेघर होऊन भटकताना दिसतो, तो भाग बघताना मला अक्षरशः पॉज करून उठावं लागलं होतं. १४ जणांत मुली फक्त ४, याची चूक ॲप्टेडने पुढे स्वतःच कबूल केली. आणि '४९ अप' मध्ये त्यातली जॅकी कॅमेऱ्यासमोरच त्याला धारेवर धरते, की तू इतकी वर्षं माझ्याबद्दल आधीच मत बनवून प्रश्न विचारतोस आणि शेवटी काय ठेवायचं ते तुझ्या हातात असतं. त्याने तो भाग ठेवला. मला वाटतं त्या एका निर्णयामुळे आधीचे सगळे भाग मी जास्त विश्वासाने बघू शकलो.

उलटंही होतं. 'रायटिंग विथ फायर' ही २०२१ ची भारतीय डॉक्युमेंटरी, 'खबर लहरिया' या दलित महिलांनी चालवलेल्या वृत्तपत्रावर, ऑस्करला नॉमिनेट झाली, आणि २०२२ मध्ये सोहळ्याच्या तोंडावर 'खबर लहरिया'नेच निवेदन काढलं की फिल्म चांगली आहे पण आमचं काम जणू एकाच पक्षाच्या बातम्यांभोवती फिरतं असं त्यातून दिसतं, ते आमच्या कामाचं पूर्ण चित्र नाही. मला ती फिल्म आवडते, दिग्दर्शकांची मेहनत दिसते, आणि त्या बायकांचा आक्षेपही मला शंभर टक्के समजतो. ९३ मिनिटांत कथेला एक धागा लागतो, आणि धागा निवडला की बाकीचं काम अंधारात जातं, हे रोज माझ्याही हातून होतं.

संमती हा फार अवघड विषय आहे. फ्रेडरिक वाइझमनची 'टिटिकट फॉलीज', १९६७, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरच्या मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेत शूट केलेली. निवेदन नाही, मुलाखत नाही, नुसतं जे समोर घडतंय ते. नागडे कैदी, त्यांना डिवचणारे पहारेकरी. राज्य सरकारने कोर्टात जाऊन फिल्मवर बंदी आणली, कारण दिलं कैद्यांची खाजगी बाब, आणि सर्वसामान्य लोकांना ती १९९१ नंतरच बघता आली. आता यात कोणाची बाजू घ्यायची? ज्याचं मानसिक संतुलन ठीक नाही तो संमती देतो म्हणजे काय देतो, हा प्रश्न खराच आहे. पण बंदीने त्या कैद्यांइतकंच, किंबहुना जास्त, संस्थेला झाकलं हेही खरं. त्यात एक सीन आहे, उपोषण करणाऱ्या कैद्याला नाकातून नळी घालून जबरदस्तीने अन्न भरतात, डॉक्टरच्या तोंडात सिगरेट, तिची राख नळीच्या वरच्या नरसाळ्यात पडते की काय असं वाटतं, आणि वाइझमन मध्येमध्ये त्याच माणसाच्या प्रेताची तयारी चाललेली दाखवतो, दाढी करतायत, सगळं हळुवार, जिवंतपणी मिळाला नाही तेवढा मान. मी हा सीन शिकवताना दोन्ही बाजूंनी मुलांना भांडायला लावतो. माझं मत असं की नळीचा शॉट एकटाच पुरेसा होता, प्रेताचे कट टाकून वाइझमन आपल्याला काय वाटायला हवं ते सांगायला लागतो. पुढच्या फिल्म्समध्ये तो असं क्वचितच करतो.

कॅमेरावाला शूट का करत राहतो, मदत का करत नाही. याचं एक उत्तर नाही. काही जागी त्याने कॅमेरा ठेवलाच पाहिजे आणि ठेवतातही, फक्त ते फुटेजमध्ये दिसत नाही कारण तेव्हा कॅमेरा बंद असतो, हे बघणाऱ्याच्या डोक्यात येत नाही! पण '२० डेज इन मारियुपोल' बघा, मस्तिस्लाव चेर्नोवची, २०२३ ची. युक्रेनचं ते शहर रशियन सैन्याने वेढलंय, बाहेरचे बाकी सगळे पत्रकार निघून गेलेत, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा हा एकच गट आत उरलाय. हॉस्पिटलमध्ये लेकरू वाचवता आलं नाही तेव्हा डॉक्टरच त्यांना म्हणतात की शूट करा, जगाला दाखवा. शहरात नेट जवळपास बंद, मिळेल त्या कोपऱ्यातून छोटे छोटे तुकडे पाठवले जातायत. तिथे कॅमेरा ठेवून स्ट्रेचर उचलणं ही मदत, का शूट करणं ही मदत? त्या डॉक्टरांनी तर उत्तर देऊन टाकलंय.

आणि ज्यांचं घर जळतंय त्यांनीच कॅमेरा धरला की हा प्रश्नच वेगळा होतो. 'फॉर समा' (२०१९) मध्ये वाद अल-कतीब सीरियातल्या अलेप्पो शहरात राहून, लग्न होऊन, बाळ होऊन, बॉम्बहल्ल्यांच्या आत ५०० तासांच्या आसपास शूट करत राहिली, नवरा हॉस्पिटल चालवणारा डॉक्टर. त्यात एक जखमी गरोदर बाई येते, नऊ महिने भरलेली, तातडीने सिझेरियन करतात, बाळ बाहेर काढतात तर ते निपचित. चोळतात, उलटं धरतात, पाठीवर थोपटतात, परत चोळतात. काही नाही. कोणत्याही एडिटरचा हात इथे शिवशिवतो, की आता आईचा चेहरा टाकू, घड्याळ टाकू, काहीतरी कट मारून वेळ पुढे ढकलू. इथे कॅमेरा बाळावरून हलत नाही. आपल्याला वाटतं संपलं. आणि मग ते रडतं. मी तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा श्वास धरून बसलो होतो, आणि दुसऱ्यांदा बघताना, शेवट माहीत असून, परत तसाच बसलो.

इमाद बुर्नातची '५ ब्रोकन कॅमेराज' पण याच जातीची, पॅलेस्टाइनमधल्या बिलीन गावचा शेतकरी, चौथा मुलगा झाला म्हणून २००५ मध्ये कॅमेरा घेतला आणि गावातल्या आंदोलनाचं शूट करताना एकामागून एक पाच कॅमेरे फुटले, फिल्मचे भागच त्या कॅमेऱ्यांप्रमाणे पाडलेत. साधी कल्पना पण एडिटर म्हणून मला फार हेवा वाटतो तिचा.

धोका नेहमी शूट करणाऱ्यालाच असतो असं नाही, उलट बाहेरून आलेला दिग्दर्शक विमानात बसून परत जातो आणि स्थानिक टीम मागे राहते. 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२), इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये लाखो लोकांना कम्युनिस्ट ठरवून मारलं गेलं, त्यातले मारेकरी ही फिल्म झाली तेव्हाही उजळ माथ्याने फिरत होते आणि जोशुआ ओपनहायमर त्यांना सांगतो की तुम्ही काय केलं ते तुमच्या पद्धतीने अभिनय करून दाखवा. त्यातला अन्वर काँगो नावाचा म्हातारा गच्चीवर तारेने कसं मारायचो ते हसत दाखवतो, आणि नंतर ते फुटेज त्याला टीव्हीवर दाखवलं तर त्याची तक्रार काय, तर पँट पांढरी नको होती, सहलीला आल्यासारखा दिसतोय! अंगावर काटा येतो. पण तो बघतो, पुढचंही बघतो, आणि बघता बघता काहीतरी आत सरकायला लागतं. या फिल्मच्या शेवटच्या नावांच्या यादीत इंडोनेशियन लोकांच्या जागी ओळीने 'अनामिक', 'अनामिक', 'अनामिक' येतं, सहदिग्दर्शकसुद्धा. ती यादी मी विद्यार्थ्यांना पूर्ण बघायला लावतो, कोणाला उठू देत नाही. २०२१ च्या 'फ्ली' मध्ये तर अफगाणिस्तानातून डेन्मार्कला पोचलेल्या माणसाची ओळख झाकायची म्हणून जवळजवळ सगळी फिल्मच ॲनिमेशनमध्ये केली, आवाज त्याचा खरा. चेहरा नसताना नुसत्या आवाजातली थांबणी किती बोलतात हे त्यात ऐका.

शॉर्ट फिल्मबद्दल वेगळं सांगतो कारण स्वतः करायची आहे ती २० मिनिटांचीच. ऑस्करमध्ये ४० मिनिटांपर्यंतची डॉक्युमेंटरी शॉर्ट धरतात, पण लांबी हा मुद्दा नाही, शॉर्टमध्ये अख्खं आयुष्य कोंबायला गेलं की बातमी होते. मी कोणालाही सुरुवात करायला एकच फिल्म सांगतो, 'द हाउस इज ब्लॅक', इराणची कवयित्री फरुग फर्रुखजाद हिने १९६२ मध्ये तब्रिजजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत केलेली, २२ मिनिटांची. कुष्ठरोग्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी केलेली फिल्म, म्हणजे प्रचारपट व्हायची सगळी सोय होती. सुरुवातीलाच एक बाई आरशात बघतेय, रोगाने चेहरा गेलेला, आणि कॅमेरा हळूहळू आरशाकडे सरकतो. ती स्वतःकडे बघतेय, आणि आपण तिला स्वतःकडे बघताना बघतोय, त्यामुळे आपली नजर वळवायची हिंमत होत नाही.

आणि शेवटाकडे वर्ग भरलेला. गुरुजी एका मुलाला विचारतात, चार सुंदर गोष्टींची नावं सांग. तो म्हणतो चंद्र, सूर्य, फुलं, खेळ. दुसऱ्याला विचारतात काही कुरूप गोष्टी सांग. तो जरा थांबतो आणि म्हणतो हात, पाय, डोकं. आणि पोरं हसतात! सगळा वर्ग हसतो. माझ्या कारखान्यातल्या माणसाचं हसणं मी कापलं होतं, फरुगने साठ वर्षांपूर्वी ठेवलं होतं. मग एकाला फळ्यावर बोलावतात, 'घर' हा शब्द घालून वाक्य लिही. तो खडू घेऊन विचार करत उभा, तेवढ्या अवकाशात फरुग वसाहतीतली माणसं दाखवते, त्यांच्यावर बंद होणारं फाटक दाखवते, आणि मग परत फळा, आणि पोराने लिहिलेलं असतं, घर काळं आहे. त्या वसाहतीतल्या एका मुलाला तिने पुढे दत्तक घेतलं.

यातलं शॉर्ट फिल्मसाठी घेण्यासारखं म्हणजे तिने कोणाचीही जीवनकहाणी सांगितलेली नाही. कोण कधी आला, रोग कधी झाला, काही नाही. एक जागा, तिथला दिवस, आणि थोडे चेहरे. २१ मिनिटांची '४.१ माइल्स' (२०१६) पण तशीच, लेस्बोस बेटावरच्या ग्रीक तटरक्षक बोटीचा कॅप्टन आणि समुद्रातून ओढून काढलेले निर्वासित, बस्स, त्या बोटीच्या बाहेरचं राजकारण कोणी समजावून सांगत नाही.

पैशाबद्दल थोडं. अशा फिल्म्सना पैसा फाउंडेशन, चॅनेल, फेस्टिव्हलचे फंड यांच्याकडून येतो, आणि पिचिंगला, म्हणजे त्यांच्यासमोर फिल्मची कल्पना मांडायला, बसलं की हमखास विचारतात की यात आशा कुठे आहे, शेवट काय आहे. मी स्वतः अशा दोन फिल्म्सवर काम केलंय जिथे शेवटी लेकरू शाळेत जातानाचा शॉट मुद्दाम जाऊन शूट करून आणला. पोरगं खरंच शाळेत जात होतं, खोटं काही नव्हतं, पण ते गेलं म्हणजे प्रश्न सुटला असं जे वाटतं ते खोटं. म्हणून बघताना शेवटची पाच मिनिटं जरा सावध बघा, अचानक पहाट झाली, गाणं सुरू झालं, सगळे लांबवर चालत निघाले, की समजा तिथे कोणाची तरी मागणी पूर्ण झालीये.

आता तुमच्या फिल्मचं. कॅमेरा नेण्याआधी नुसतं जाऊन बसा, दहा वेळा तरी. मुलाखत पहिल्या दिवशी घेऊच नका, पहिल्या दिवशी माणूस लोकांना सांगायची ठरलेली गोष्ट सांगतो. साउंडला पैसे घाला, कॅमेऱ्याचं नंतर बघू, चित्र हललेलं लोक सोसतात पण शब्द कळला नाही की उठून जातात. दर खोलीत कोणी न बोलता एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या खोलीचा शांततेतला आवाज, रेकॉर्ड करा, एडिटर दुवा देईल. सहीचा फॉर्म तर घ्याच, पण फॉर्मवर सही म्हणजे संमती संपली असं समजू नका, दर दोन महिन्यांनी परत विचारा, कारण सुरुवातीला हो म्हणताना त्याला आपण काय काय बोलून जाणार हे माहीत नसतं. काय दाखवायचं नाही हे त्यालाच पहिल्यांदा विचारा, आणि ते पाळा, ते फुटेज कितीही भारी असलं तरी.

आणि रफकट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, झाला की, लॉक करायच्या आधी, म्हणजे बदल करणं अजून हातात असताना, त्याच्या घरी जाऊन त्याला दाखवा. मोठा स्क्रीन नको, दहा पाहुणे नकोत, लॅपटॉपवर, तो आणि त्याला हवी ती एक-दोन माणसं. तुम्ही स्क्रीनसमोर बसू नका, बाजूला बसा, जिथून त्याचा चेहरा दिसेल, कारण फिल्म तुम्ही शंभरदा बघितलेली आहे. कुठे तो पुढे झुकतो, कुठे बायकोकडे बघतो, कुठे हाताची घडी घालतो ते टाइमकोडसकट, म्हणजे फिल्ममधल्या नेमक्या मिनिट-सेकंदासकट, वहीत लिहून घ्या. संपल्यावर कशी वाटली असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. त्याला विचारा, यात काय राहिलं.